हायटस हर्नियाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: गोव्यातल्या रुग्णांसाठी पायरीपायरीने

जेवल्यावर छातीत जळजळ, वाकलं की घशाशी आंबट पाणी, रात्री ठसका लागून जाग. वर्षानुवर्षं आपण याला पित्त म्हणतो, सोलकढी किंवा अँटासिड घेतो आणि कामाला लागतो. मग कधीतरी एंडोस्कोपी होते, रिपोर्टवर ‘हायटस हर्निया’ असं लिहून येतं आणि डॉक्टर सर्जनकडे पाठवतात. हा लेख त्या टप्प्यावरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्यासोबत इस्पितळात जाणाऱ्या घरच्यांसाठी आहे.

या शस्त्रक्रियेचे परिणाम चांगले असतात, पण सगळ्यांना सारखे नसतात. तुम्हाला नेमका त्रास कोणता आणि तो या हर्नियामुळेच होतो का, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून ऑपरेशन टेबलावर जाण्याआधीच ‘माझ्यासाठी यश म्हणजे काय’ हे ठरवून घ्या, एवढी एकच गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे.

पायरी 1: आपला हर्निया कोणत्या प्रकारचा, ते जाणून घ्या

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. त्यातल्या एका भोकातून अन्ननलिका खाली उतरून जठराला मिळते. हे भोक सैल झालं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात.

याचे ढोबळ दोन गट आहेत. पहिल्या प्रकारात अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकतो. सुमारे 95 टक्के रुग्ण या गटातले असतात. त्यांचा मुख्य त्रास म्हणजे आम्ल उलटं वर येणं. दुसऱ्या गटात जठराचा भाग अन्ननलिकेच्या बाजूने छातीत चढतो, काहींत अर्ध्याहून जास्त जठर वर असतं. इथे जळजळ कमी असू शकते. त्याऐवजी दोन घासांत पोट भरणं, जेवल्यावर छातीत दडपण, जिना चढताना धाप अशा तक्रारी येतात. रक्त कमी होणं हीसुद्धा याच गटातली तक्रार आहे. श्वासपटलाच्या कडेवर घासून जठराच्या आतल्या आवरणाला व्रण पडतात आणि त्यातून थोडं थोडं रक्त जात राहतं. वयस्क बायकांना कित्येकदा वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि कारण मात्र शोधलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. घरात कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येत नसेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

पहिल्या प्रकारचा हर्निया असून काहीच त्रास नसेल तर शस्त्रक्रियेची गरज नाही. दुसऱ्या गटातला पण त्रास न देणारा हर्निया असेल, तर तोसुद्धा बहुतेक वेळा लक्ष ठेवून सांभाळता येतो. तातडीने ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता अशा रुग्णांत वर्षाला साधारण 1 टक्का धरली जाते. ‘पोट कधीही अडकेल, लगेच करून टाका’ असं ऐकून घाबरू नका.

एक अपवाद मात्र पाठ करून ठेवा. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात अचानक असह्य दुखू लागलं, उमाळे येताहेत पण उलटी बाहेर पडत नाही, पाणीही खाली जात नाही, असं झालं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. 108 ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. छातीत दुखण्याचं कारण हृदयही असू शकतं, म्हणून इस्पितळात आधी ईसीजी काढतात. ‘मला हर्नियाच आहे’ म्हणून ईसीजी नाकारू नका.

पायरी 2: तपासण्या पूर्ण करा, घाई करू नका

परिणाम बरे की वाईट, हे निम्मं इथेच ठरतं. एंडोस्कोपी बहुतेकांची झालेली असते. तीत अन्ननलिकेला सूज, व्रण किंवा आतल्या आवरणातला बदल दिसतो. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये हर्नियाचा आकार कळतो. मोठा हर्निया असेल तर सीटी स्कॅनही करतात.

राहते ती मॅनोमेट्री आणि 24 तासांची पीएच तपासणी. दोन्हींत नाकातून बारीक नळी घालतात. नको वाटतं, हे खरं आहे. पण मॅनोमेट्रीत अन्ननलिका घास खाली ढकलते की नाही ते मोजतात. अकॅलेशिया नावाच्या आजारातही छातीत जळजळ आणि अन्न वर येणं असतं. तो न ओळखता शस्त्रक्रियेत जठराची गुंडाळी घातली, म्हणजे आम्ल अडवायला जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला, तर माणसाला गिळताच येत नाही. पीएच तपासणीत आम्ल खरोखर वर येतं का आणि तुमचा त्रास त्याच वेळी होतो का, हे दिसतं. ती बहुधा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवून करतात. गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

मोठ्या हर्नियात पीएच तपासणी कित्येकदा लागत नाही. पण हर्निया लहान, एंडोस्कोपीत सूज नाही आणि गोळ्यांनीही फरक नाही, अशा वेळी ही तपासणी न करता शस्त्रक्रियेला हो म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्यांनी ज्यांना आराम पडतो त्यांनाच शस्त्रक्रियेचाही जास्त फायदा होतो. अजिबात फरक न पडणाऱ्यांत आजार बहुधा दुसराच असतो.

गोव्यात या सगळ्याची सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा म्हापसा, मडगाव इथल्या जिल्हा इस्पितळांतून होऊ शकते. पुढची वाट बहुतेकांची बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जाते. खाजगी इस्पितळांचाही पर्याय आहे. जाताना जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि एंडोस्कोपीचे फोटो एकाच फाइलमध्ये न्या. सत्तरी किंवा काणकोणहून पहाटेची बस पकडून आलेल्या माणसाला एका कागदासाठी परत जावं लागू नये. कोणती तपासणी कुठे होते आणि तारीख कधीची मिळेल, हे ओपीडीतच विचारून घ्या.

पायरी 3: कार्डं आणि खर्च

राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 साली सुरू झाली. गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, अशी तिची रचना आहे. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे आधी बघा. तुमची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत कोणत्या नावाने आहे आणि जाळी (श्वासपटलाचं आवळलेलं भोक बळकट करायला लावतात ती) लागली तर तिचा खर्च धरलाय का, हे इस्पितळाच्या योजना खिडकीवर विचारा. सावंतवाडी, दोडामार्गकडून येणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. दाखल होण्याआधी ते समजून घ्या.

पायरी 4: सर्जनसमोर बसून बोला

एका कागदावर आपल्या तक्रारी, सर्वांत जास्त त्रास देणारी वर, अशा क्रमाने लिहा. मग एकेका तक्रारीवर बोट ठेवून विचारा, ‘डॉक्टर, ही जाईल का?’ उत्तरं सारखी येणार नाहीत.

जळजळ आणि घशाशी पाणी येणं या तक्रारी सर्वांत खात्रीने कमी होतात. रुग्णाची निवड नीट केली असेल तर दहापैकी साधारण नऊ जणांना चांगला आराम मिळतो. त्यातही अन्न-पाणी वर येण्यावर शस्त्रक्रियेचा उपाय गोळ्यांपेक्षा सरस ठरतो. कारण गोळ्या आम्ल कमी करतात, सैल झालेलं दार त्यांनी बंद होत नाही. मोठ्या हर्नियात जेवणानंतरचं दडपण, धाप आणि रक्त कमी होणं हेही बहुतेकांचं सुधारतं. जुना खोकला, बसलेला आवाज, घशात काहीतरी अडकल्याची भावना, दमा यांच्याबाबत मात्र खात्री कमी. काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. पोट फुगणं ही मुख्य तक्रार असेल तर जपून, कारण ती शस्त्रक्रियेनंतर वाढूही शकते.

गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणारा युरोपातला ‘लोटस’ अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांनी बरं वाटणारे 554 रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले होते. पाच वर्षांनंतर आजार आटोक्यात असण्याचं प्रमाण गोळ्यांच्या गटात 92 टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात 85 टक्के होतं. घशाशी पाणी येण्याचा त्रास गोळ्यांवर 13 टक्क्यांना, तर शस्त्रक्रियेनंतर फक्त 2 टक्क्यांना उरला. उलट पोट फुगणं 28 विरुद्ध 40 टक्के आणि गिळायला त्रास 5 विरुद्ध 11 टक्के, म्हणजे हे दोन्ही शस्त्रक्रियेच्या गटात जास्त. गोळी घेऊन सुखाने झोपणाऱ्या माणसाने केवळ ‘आयुष्यभर गोळ्या नकोत’ म्हणून शस्त्रक्रियेकडे धावण्याआधी हे आकडे घरच्यांना वाचून दाखवावेत.

त्याच बैठकीत आणखी काही विचारा. ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला साधारण किती करता? हा प्रश्न विचारताना आपल्याकडे संकोच वाटतो, पण अनुभवी हात आणि चांगले परिणाम यांचा संबंध या शस्त्रक्रियेत स्पष्ट दिसतो, आणि चांगले सर्जन या प्रश्नाने रागावत नाहीत. गुंडाळी पूर्ण घालणार की अर्धी? जाळी वापरणार का, कोणती? वजन खूप जास्त असेल तर आधी ते कमी करायला हवं का? लठ्ठपणात हर्निया परत होण्याचा धोका वाढतो. काही रुग्णांना तर या शस्त्रक्रियेऐवजी वजन कमी करणारी बायपास शस्त्रक्रियाच योग्य ठरते.

पायरी 5: आत काय करतात

पूर्ण भूल देतात. पोटावर बहुधा पाच छोटी छिद्रं, 5 ते 12 मिलिमीटरची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून अवजारं. छातीत गेलेलं जठर खाली ओढतात, हर्नियाची पिशवी सोडवतात आणि अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटिमीटर भाग ताण न येता पोटात राहील एवढी ती मोकळी करतात. मग श्वासपटलाचं सैल भोक टाक्यांनी आवळतात. शेवटी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, म्हणजे आम्ल वर यायला अडसर होतो. लहान हर्नियाला साधारण दीड-दोन तास पुरतात, मोठ्याला जास्त लागतात.

पूर्ण 360 अंशांच्या गुंडाळीला निसेन म्हणतात. रुडॉल्फ निसेन यांनी ती 1956 साली मांडली आणि 1991 पासून ती लॅप्रोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीतून होऊ लागली. मागून 270 अंशांची ती टूपे, पुढून अर्धी घालतात ती डोर. अर्धवट गुंडाळीत गिळण्याचा आणि गॅसचा त्रास कमी असतो आणि आम्ल अडवण्यात ती फारशी मागे पडत नाही, असं अनेक तुलनांत दिसलंय. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर सर्जन बहुधा अर्धवटच निवडतात.

पोट उघडून करण्याच्या तुलनेत छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत दुखणं कमी, छातीत संसर्ग कमी, मुक्काम कमी, पोटावरच्या जखमेतून नवा हर्निया होण्याचा धोकाही कमी. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत जिवाचा धोका 1 टक्क्यापेक्षा कमी असतो. तातडीत करावी लागली तर तो कित्येक पटींनी वाढतो. रोबोटने केल्यास सर्जनला सोयीचं पडतं, खर्च वाढतो. रुग्णाला मिळणाऱ्या परिणामांत मोठा फरक अजून सिद्ध झालेला नाही. फक्त रोबोटसाठी कर्ज काढायला मी कुणालाही सांगणार नाही.

पायरी 6: पहिले सहा आठवडे

बहुतेकांना एक ते तीन दिवसांत घरी सोडतात. खांदा दुखतो. तो झोपण्याच्या चुकीमुळे नव्हे, पोटातल्या गॅसमुळे आणि श्वासपटलाला झालेल्या त्रासामुळे, आणि काही दिवसांत थांबतो. उलटी आणि जोराचे उमाळे मात्र टाळायचेच, त्यांनी ताजे टाके सुटू शकतात. मळमळ वाटली की लगेच नर्सला सांगा, औषध असतं. खोकल्याचंही तेच. पावसाळ्यात खोकला धरलेला असेल तर आधी तो बरा करून मगच तारीख घ्या. विडी-सिगारेट सोडाच.

सुजेमुळे सुरुवातीला घास अडकतो. हे जवळजवळ सर्वांना होतं आणि दोन ते सहा आठवड्यांत ओसरतं. म्हणून आहार टप्प्याटप्प्याने. पहिले काही दिवस फक्त पातळ: पेजेवरचं पाणी, गाळलेलं सार, पातळ ताक, नाचणीचं पातळ तिझण. मग साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत मऊ: गुरगुटी पेज, मुगाच्या डाळीचं वरण-भात, चांगलं शिजलेलं खतखतं, मऊ इडली, काटे नीट काढलेला वाफवलेला मासा. तुमच्या सर्जनने वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा.

आपल्याकडे सर्वांत जास्त अडकतो तो पाव. पोदेराची सायकल वाजली की मन होतं, पण उंडा, पोयी, चपाती, भाकरी, सुकं मटण हे घशाखाली गोळा होऊन बसतात. ते सगळ्यात शेवटी, नखाएवढ्या घासाने, चावून चावून. रवा लावून तळलेला मासाही उशिरा. सोडा, कोल्ड्रिंक, बिअर, सोडा घातलेली फेणी ही सगळी बंद, कारण नव्या गुंडाळीमुळे ढेकर नीट येत नाही आणि आत गेलेला गॅस आतच राहतो. पातळ भाजीतले वाटाणे-चणे, कोबी हेही सुरुवातीला फुगवतात. सरळ बसून थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खा. मोठ्या गोळ्या कुटून किंवा पातळ औषधाच्या रूपात मिळतील का ते विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात, म्हणून फार्मसीत खात्री करून घ्या.

या काळात वजन काही किलोंनी उतरतं. घरच्या मंडळींना ते बघवत नाही आणि ‘एवढंसं खाल्लंस?’ म्हणून ताटात आणखी वाढलं जातं. म्हणूनच तारीख चतुर्थीच्या तोंडावर घेऊ नका. नेवऱ्या, पातोळ्या आणि घरोघरचा आग्रह यांत पथ्य पाळणं फार कठीण जातं.

चालणं पहिल्या दिवसापासून. पाच किलोंपेक्षा जड काही सहा आठवडे उचलायचं नाही. पाण्याची भरलेली कळशी, गॅस सिलिंडर, नारळांचं पोतं हे सगळं त्यात आलं. बैठं काम साधारण दोन आठवड्यांनी करता येतं. स्कूटर दुखणं थांबल्यावर, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर आणखी जरा उशिरा.

ताप, वाढत जाणारं छाती-पोटाचं दुखणं, धाप, थांबत नसलेली उलटी, स्वतःची लाळही गिळता न येणं, काळी शौच, पोटरीला सूज: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

पायरी 7: पुढची वर्षं

सहा आठवड्यांनंतर बहुतेक जण साधं जेवण जेवू लागतात. गिळण्याचा त्रास दोन-तीन महिन्यांनंतरही टिकला तर तपासणी करून घ्या. काहींना एंडोस्कोपीतून फुग्याने ती जागा रुंद करावी लागते, थोड्यांना पुन्हा शस्त्रक्रिया. गॅस खालून जास्त जाणं आणि पोट फुगणं बऱ्याच जणांना काही महिने असतं, काहींना कायम राहतं. संकोचापोटी ते डॉक्टरांना न सांगणारे खूप आहेत. सांगा, आहार बदलून आणि औषधांनी फरक पडतो.

हर्निया परत होतो का? होतो. मोठ्या हर्नियांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांनी एक्स-रेत परत आलेला हर्निया साध्या टाक्यांच्या गटात 24 टक्के आणि जैविक (प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या) जाळीच्या गटात 9 टक्के होता. जाळी जिंकली असं वाटलं. पण साधारण पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा आकडे 59 आणि 54 टक्के, म्हणजे जाळीचा फायदा टिकला नव्हता. तरीही दोन्ही गटांतले बहुतेक रुग्ण आधीपेक्षा खूप बरे होते आणि पुन्हा शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागली. एक्स-रेवर दोन सेंटिमीटरचा हर्निया दिसला म्हणजे शस्त्रक्रिया फुकट गेली, असं नाही. कायमस्वरूपी कृत्रिम जाळी क्वचित अन्ननलिकेत घुसते आणि ते निस्तरणं फार अवघड असतं, म्हणून अनेक सर्जन ती निवडक रुग्णांतच वापरतात.

जळजळ परत येण्याबद्दल स्वीडनमधला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या 2655 जणांपैकी 17.7 टक्क्यांना त्रास परत आला आणि त्यांतल्या बहुतेकांचं गोळ्यांवर भागलं. तुम्हालाही पुन्हा जळजळ वाटली तर मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून महिनोन्महिने घेऊ नका. आधी एंडोस्कोपी आणि गरज पडल्यास पीएच तपासणी करून आम्लच आहे का ते बघा, कारण शस्त्रक्रियेनंतर गोळ्या घेणाऱ्या अनेकांत आम्ल वर येतच नसतं. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, तिचं यश थोडं कमी आणि धोका जास्त. ती करायचीच ठरली तर पहिल्या ऑपरेशनची पूर्ण नोंद नव्या सर्जनच्या हाती द्यायला हवी. गुंडाळी कोणती घातली, जाळी होती का, हे त्यातच लिहिलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी डिस्चार्ज कार्डासोबत त्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि फाइलमध्ये लावून ठेवा.